ग्रीक बेटावर लिहायला जाताय? मग नोव्हेंबरात जा

सिरोस बेटावरचा माझा पहिला हिवाळा चुकीच्या घरात, दोन स्वेटर एकावर एक चढवून गेला. घर मी जूनमध्ये पाहिलं होतं. खिडकीतून बंदर दिसत होतं, दारात बोगनवेल होती, दगडी भिंतींमुळे आत मस्त गारवा होता. या गारव्याचं डिसेंबरात काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. जानेवारीत कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी आली आणि टिपणांच्या वह्यांची पानं सादळलेल्या पापडासारखी मऊ पडली.

लेखनासाठी इथं येऊन राहायचं मनात असेल, तर पहिली पायरी हीच: बेट पाहायला नोव्हेंबरात या. साधा पर्यटक व्हिसा पुरतो, तीन-चार आठवडे राहा. उन्हाळ्यात प्रत्येक बेट सुंदर असतं आणि प्रत्येक घर राहण्यासारखं वाटतं. लेखकाला मात्र वर्षातले सात-आठ महिने पर्यटक गेल्यानंतरच्या बेटावर काढायचे असतात, आणि ते बेट वेगळं असतं.

बेट कोणतं?

हायड्राचं नाव सगळ्यांच्या डोक्यात असतं. मोटारी नाहीत, सामान खेचरांवरून जातं, आणि गायक-कवी लेनर्ड कोहेननं १९६० मध्ये तिथं १,५०० डॉलरला घर घेतलं होतं. तो भाव आता विसरा. आजचं हायड्रा म्हणजे अथेन्सच्या पैसेवाल्यांचं शनिवार-रविवारचं ठिकाण. सँटोरिनी आणि मिकोनॉसबद्दल मी काही बोलत नाही. तिथं शिकवायला आलेल्या मास्तरांनासुद्धा डोक्यावर छप्पर मिळवताना नाकी नऊ येतात. अनाफी, फोलेगान्द्रोस ही बेटं डोळ्यांना फार गोड, पण हिवाळ्यात बोट आठवड्यातून मोजक्या वेळा येते आणि पाव मिळायचीही पंचाईत होऊ शकते. एकदम निवांत हवं असेल आणि दाढदुखीचा इतिहास नसेल, तर जा बापडे.

बेट निवडताना मी तीन प्रश्न विचारायला सांगते. इस्पितळ आहे का? फेब्रुवारीत बोट रोज येते का? पर्यटक नसताना इथले लोक कशावर जगतात? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सिरोसवर सुमारे २१,००० लोक राहतात आणि त्यांचं पोट केवळ पर्यटकांवर चालत नाही. इथलं मुख्य शहर एर्मूपोली ही सिक्लाडीस बेटांची आणि अख्ख्या दक्षिण एजियन प्रांताची राजधानी. त्यामुळे कोर्ट, करकचेरी, इस्पितळ, जहाजांची गोदी, विद्यापीठाचा एक विभाग, सगळं इथं आहे. १८६४ मध्ये उघडलेलं अपोलो नाट्यगृह अजून चालू आहे. १८२०च्या दशकात, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, खिओस आणि प्सारा बेटांवरून पळून आलेल्या निर्वासितांनी हे शहर वसवलं. अथेन्सचं बंदर पिरेअस पुढे जाण्याआधी देशातलं सगळ्यात मोठं बंदर हेच होतं. थोडक्यात, हे कामाधामाचं गाव आहे. जानेवारीत इथं न्हावी, चांभार, कुलूपवाला, छपाईवाला सगळे जागेवर सापडतात. पोस्टकार्डावरचं बेट हवं असलेल्या माणसाची इथं थोडी निराशा होते. घरं गेरू-पिवळ्या रंगाची आहेत, निळ्या घुमटांची नाहीत.

ज्यांना बेट हवंय पण शहरही सुटत नाही, त्यांनी सरळ क्रीट बेटावरचं खान्या किंवा रेथिम्नो शहर गाठावं. क्रीट इतकं मोठं आहे की समुद्र विसरायला होतो.

कागदपत्रं

हा भाग रटाळ आहे, पण इथं आळस केला की पुढं दुप्पट भरावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन पर्यटक व्हिसा मिळतो त्यात १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. नोव्हेंबरच्या चाचणीला एवढं भरपूर. पुढं वर्षभर राहायचं तर ग्रीसनं २०२१ च्या कायद्यानं सुरू केलेला ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा हा सरळ रस्ता. अट अशी, की तुमचं काम ग्रीसबाहेरच्या मालकासाठी किंवा ग्राहकांसाठी असलं पाहिजे आणि महिन्याला किमान ३,५०० युरो उत्पन्न दाखवता आलं पाहिजे. जोडीदार सोबत असेल तर त्यावर २० टक्के आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के जास्त. अर्ज करण्याआधी आकडे आणि अटी ग्रीक दूतावासाकडून एकदा पडताळून घ्या, नियम बदलत राहतात.

इथं स्पष्ट बोललेलं बरं. दिवाळी अंकांच्या मानधनावर महिन्याला ३,५०० युरो दाखवणारा मराठी लेखक माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः तांत्रिक भाषांतरं करते, तेच माझं अन्नछत्र. कथा-कादंबरी त्या छत्राखाली बसून होते. तुमच्याकडे असं एखादं काम नसेल, तर आधी ते पुण्यात किंवा ठाण्यात बसून उभं करा, बेटाचा विचार नंतर. आणि वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की ग्रीक करखातं तुम्हाला आपलं मानायला लागतं, हे निघण्याआधी आपल्या सीएच्या कानावर घाला.

निघताना जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पदवी यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘अपोस्टील’ करून घ्या, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का. नगरपालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत आधी काढा. मराठीतून थेट ग्रीकमध्ये अधिकृत भाषांतर करून देणारा माणूस शोधणं म्हणजे गाढवाला शिंगं शोधण्यासारखं आहे. (हो, मी स्वतः भाषांतरकार आहे. नाही, स्वतःचे दाखले स्वतः भाषांतरित केलेले चालत नाहीत. विचारून पाहिलंय.)

घर बघताना नाक वापरा

ग्रीकमध्ये दमटपणाला ‘इग्रासिया’ म्हणतात. घर बघायला गेलात की नमस्कार-चमत्कारानंतर पहिलं वाक्य हेच: ‘एही इग्रासिया?’ मालक ‘लिगी’ म्हणतो, म्हणजे ‘थोडीशी’. थोडीशी म्हणजे भरपूर. मालक ‘अजिबात नाही’ म्हणाला, तर उत्तरेकडच्या खोलीत जा, भिंतीला टेकलेलं कपाट उघडा आणि आत डोकं घालून वास घ्या. जुन्या गोणपाटासारखा वास आला की निघा. मग वाकून जमिनीलगतची भिंत बघा. रंगाला फोड आले असतील, किंवा एवढाच पट्टा नवा रंगवलेला असेल, तर तेही उत्तरच. नवा पट्टा जास्त वाईट.

पुढचे प्रश्न असे: छत उघडं आहे की वर कुणी राहतं? इथली छपरं सपाट असतात, ‘तारात्सा’ म्हणतात त्याला, आणि गिलावा फुटला की नेमकं पलंगावर गळतं. ऊब कशानं येते? एसीवर भागत असेल तर वीजबिलाची तयारी ठेवा. दारं-खिडक्या उत्तरेला किती? वारा उत्तरेकडून येतो, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. आणि रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? एर्मूपोलीच्या वर आनो सिरोस नावाची जुनी कॅथलिक वस्ती टेकडीला बिलगून आहे. गल्ल्या अशा की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरावं. रेबेतिको या ग्रीक लोकगीतांच्या प्रकाराचे उस्ताद मार्कोस वाम्वाकारिस १९०५ मध्ये तिथंच जन्मले. संध्याकाळी फिरायला त्याहून चांगली जागा नाही. पण पाण्याच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा घेऊन एकदा वर चढून बघा आणि मग सही करा. गठ्ठा लागणारच, कारण नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं केलेलं असतं. आंघोळीला, भांड्यांना उत्तम, प्यायला बहुतेक जण विकत घेतात.

भाड्याचा मोठा तिढा म्हणजे घरमालकाला तुम्ही सप्टेंबर ते मे हवे असता. जूनपासून तेच घर पर्यटकांना आठवड्याच्या हिशोबानं जातं. कायदा राहत्या घराचा करार किमान तीन वर्षांचा धरतो, पण ‘जूनमध्ये बघू’ हे तोंडी ऐकून घेणारे भाडेकरू गावोगाव आहेत. माझ्या पहिल्या मालकानं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन करून ‘भाची येणार आहे’ असं सांगितलं होतं. भाची ऑगस्टअखेरपर्यंत दर शनिवारी बदलत होती. तेव्हा करार करखात्याच्या संकेतस्थळावर नोंदवणाराच मालक बघा. मालकानं नोंदवायचा आणि तुम्ही मंजूर करायचा असतो. राहण्याच्या परवान्यासाठीही हाच कागद लागतो, रोखीनं भाडं देऊन चार पैसे वाचवण्याचा मोह इथं महागात पडतो.

पहिल्या आठवड्यातली कामं

सगळ्यात आधी ‘आफिमी’, म्हणजे करक्रमांक. आपलं पॅनच समजा. त्याशिवाय घरभाडं, वीज, फोन, बँक काहीच हलत नाही. तुमचा पत्ता अजून भारतातला असेल तर ग्रीसमधला एक कर-प्रतिनिधी द्यावा लागतो. हे काम ‘लोगिस्तीस’ करतो, म्हणजे हिशेबनीस. घर शोधण्याआधी हिशेबनीस शोधा. चांगला लोगिस्तीस म्हणजे जुन्या काळच्या गावातल्या तलाठ्यासारखा: त्याला सगळं ठाऊक असतं आणि तो भेटायला हवा असतो.

दुसरं नाव लक्षात ठेवा ‘केप’. हे नागरिक सेवा केंद्र, आपल्या सेतू कार्यालयासारखं. इथं दर चार दिवसांनी कुणीतरी तुमच्याकडे ‘इपेफथिनी दिलोसी’ मागतं, म्हणजे स्वयंघोषणापत्र, आणि त्यावरची सही तुमचीच आहे असा शिक्का केपमध्ये मिळतो. जाताना सकाळी जा, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स न्या आणि हातात वाचायला काहीतरी असू द्या. कारकुनावर आवाज चढवू नका. त्या बाई उद्या भाजीबाजारात तुमच्या पुढे उभ्या असणार आहेत.

घरात शिरल्यावर विजेच्या पेटीत ‘थेर्मोसीफोनास’चं बटण कुठलं ते बघून ठेवा. पाणी तापवायला तेच चालू करायचं आणि आंघोळ झाली की बंद करायचं. विसरलात तर बिल आठवण करून देतं. छपरावर सौर बंब असेल तर मार्चपासून चैन. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या बादलीत टाकायचा. नळ्या अरुंद आहेत. यावर पाहुणे नाक मुरडतात, आपण पाणी वापरणारी माणसं, आपल्याला फार फरक पडत नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर चालतो, फक्त तीन पायांच्या प्लगला इथला अडॅप्टर लागतो. आल्याआल्या आर्द्रता शोषणारं यंत्र घ्या. माझं रोज सकाळी लोटाभर पाणी ओतून देतं. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. दुकान बंद असेल तर दारावर त्या रात्री कुठलं उघडं आहे याचा कागद चिकटवलेला असतो. रुग्णवाहिका १६६, बाकी सगळ्या आणीबाणीला ११२.

लिहायचं कधी?

बेटावर वेळ भरपूर असतो, ही समजूत पहिल्याच महिन्यात गळून पडते. वेळ असतो, पण तुकड्यातुकड्यांत, आणि तुकडे बेट ठरवतं.

दुकानं सकाळी नऊच्या सुमारास उघडतात. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती पुढच्या कामाच्या दिवशीच उघडतात. मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते नऊ पुन्हा उघडतात. रविवारी बंद. किराण्याच्या मोठ्या दुकानांचं वेळापत्रक वेगळं. प्रिंटरची शाई बुधवारी दुपारी संपली, तर गुरुवारपर्यंत हातानं लिहा.

मधली दुपार म्हणजे ‘मेसिमेरी’, आणि ती सरकारी आहे. उन्हाळ्यात ३ ते ५:३०, हिवाळ्यात ३:३० ते ५:३० या वेळात आवाज करायला मनाई असते. ड्रिल, जोरात गाणी, भांडण, काही नाही. पोलीस खरोखर येतात. नवे लोक या वेळात फिरायला निघतात आणि गाव ओसाड बघून उदास होतात. मी हीच वेळ लिहायला धरली. पुण्यात आयुष्यभर मागून मिळाली नाही एवढी शांतता इथं रोज कायद्यानं मिळते. फोन करायचा नाही, दार वाजवायचं नाही, दळण आणायचं नाही. सकाळ मात्र कामांना जाते, ती जाऊ द्या.

भारताशी वेळेचा फरक उन्हाळ्यात अडीच तासांचा, हिवाळ्यात साडेतीन. पुण्यातले संपादक अकराला कार्यालयात आले की इथं साडेआठ किंवा साडेसात. त्यांचे फोन न्याहारीच्या वेळी उरकतात, ही मोठी सोय. पण दिवाळी अंकांचा घोळ आहे. आपल्याकडे मजकुराचा तगादा जुलै-ऑगस्टात लागतो, आणि इथं तेच दोन महिने बेट गच्च भरलेलं असतं, घराखालचे बार पहाटेपर्यंत वाजतात आणि वर ‘मेल्तेमी’ सुटतो. हा उत्तरेचा कोरडा वारा एकदा लागला की चार-पाच दिवस थांबत नाही. दारं आपटतात, टेबलावरचा कागद टेबलावर राहत नाही, माणसं चिडचिडी होतात. मी दिवाळीची कथा आता मेअखेरीस देऊन टाकते. संपादकांना वाटतं, बाई शिस्तीची आहे.

खाण्याचं

शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी मरतो, ही अफवा आहे. फक्त शब्द माहीत हवेत. ‘लादेरा’ म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या: फरसबी, वांगी, भेंडी. भेंडीला ‘बामिएस’ म्हणतात, करंगळीएवढी असते, आणि टोमॅटोत शिजवतात. दुसरा शब्द ‘नीस्तीसिमो’, उपवासाचं. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध चालत नाही, म्हणून ईस्टरआधीच्या सात आठवड्यांत बेकरीपासून खानावळीपर्यंत सगळीकडे असे पदार्थ असतात. एक सावधगिरी: त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. आपल्याकडे साबुदाण्याला जो मान, तो इथं माकुळाला.

खरी गंमत भाजीबाजारात. पहिल्या जूनमध्ये एका म्हाताऱ्या आजींच्या पाटीत मला माठ दिसला. ‘व्लीता’, त्या म्हणाल्या. देठ लालसर, पानं तीच, वास तोच. त्याशेजारी गुबगुबीत पानांची घोळ, तिला ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणतात आणि कच्चीच कोशिंबिरीत घालतात. मी दोन्ही जुड्या घेतल्या. आजींनी उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळायला सांगितलं. मी घरी येऊन लसणाची फोडणी दिली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना डब्यातून चाखवली, तर त्यांनी चव घेतली, मान हलवली आणि म्हणाल्या, चांगली आहे, पण लिंबू राहिलं.

तूरडाळ, हिंग, चपातीची कणीक यांसाठी अथेन्समधल्या ओमोनिया चौकाजवळचा मेनान्द्रू रस्ता. तिथं भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानं ओळीनं आहेत. तीन-चार महिन्यांचं सामान एकदम आणायचं. कोथिंबीर बेटावर क्वचित मिळते, इथल्यांना ती आवडत नाही; शेपू मात्र उदंड. कढीपत्ता वाळवून न्या. घरात बहुधा विजेची शेगडी असेल. ती तापायला वेळ लावते आणि विझवल्यावरही कुकरला शिट्ट्या द्यायला लावते, म्हणून तिसऱ्या शिट्टीला बंद करायचं तर दुसऱ्यालाच करा. फुलके फुगवायला कॉफीसाठी वापरतात ती छोटी गॅसची ‘गाझाकी’ आणा. तवा घरूनच न्यावा.

बोलणं आणि माणसं

‘होय’ला ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणतात. मराठी कानाला हे कायम ‘नाय’ ऐकू येतं. पहिले सहा महिने दुकानदार ‘ने, ने’ म्हणत सामान काढायचा आणि मी दाराकडे वळलेली असायचे. नकाराला ‘ओही’. त्यातही पुष्कळदा तोंडानं काही बोलत नाहीत, भुवया आणि हनुवटी वर करून ‘च्’ करतात. ते ‘काय?’ असं विचारणं नसतं, ते ‘नाही’ असतं.

लिपी निघण्याआधीच शिका, दोन संध्याकाळींचं काम आहे. बोटीच्या पाट्या वाचता येतात. वडीलधाऱ्यांना आपल्या ‘तुम्ही’सारखं अनेकवचन वापरा. बाईंना ‘किरिया’ लावून पहिलं नाव, म्हणजे किरिया मारिया. पुरुषाला हाक मारताना शेवटचा ‘स’ गळतो: योर्गोस असेल तर ‘योर्गो!’ आपल्याकडेही हाक मारताना नाव बदलतं, म्हणून हे मराठी माणसाला पटकन जमतं.

मी मराठीत लिहिते असं सांगितलं की इथं हमखास गोंधळ होतो. ‘मारथो’ म्हणजे बडीशेप. सिरोसच्या सॉसेजमध्ये ती असते. आमचा खाटीक बराच काळ समजत होता की मी बडीशेपेवर पुस्तक लिहितेय.

आणि एक प्रश्न सगळे विचारतील: ‘तीनोस इसे?’ म्हणजे ‘कोणाची तू?’ आजोळी गेल्यावर पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारावं तसं. इथं कुणाचीच नाही, हे उत्तर चालत नाही. ‘वरच्या गल्लीत, सुताराच्या जुन्या घरात राहते’ असं काहीतरी सांगा, म्हणजे त्यांना तुम्हाला कुठंतरी ठेवता येतं.

काफेनिओत, म्हणजे गावातल्या कॉफीच्या दुकानात, कुणीतरी तुमच्या कॉफीचे पैसे परस्पर देऊन टाकेल. याला ‘केरास्मा’ म्हणतात. लगेच परतफेड करायला जाऊ नका, अपमान होतो. आठ-पंधरा दिवसांनी त्यांची कॉफी तुम्ही द्या. कुणाच्या घरी गेलात की बशीत चमचाभर पाकातलं फळ आणि पाण्याचा पेला येतो. आपला मोरांबाच तो. संपवायचा, पाणी प्यायचं, मग बोलायचं. नावाचा दिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, वाढदिवसापेक्षा मोठा, आणि ज्याचा दिवस असतो तोच इतरांना गोड खाऊ घालतो, आपण पेढे वाटतो तसं.

सिरोसवर निम्मं गाव कॅथलिक, निम्मं ऑर्थोडॉक्स अशी जुनी वाटणी आहे, तरी ईस्टर दोघंही एकाच तारखेला, ऑर्थोडॉक्स पंचांगानं करतात. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी मढवलेल्या पालख्या म्याउली चौकात एकमेकींना भेटतात. त्या आठवड्यात काम ठरवू नका. होणार नाही.

टपाल आणि बोट

पुस्तकं भारतातून पार्सलनं मागवू नका. २०२१ च्या जुलैपासून युरोपीय संघाबाहेरून विकत मागवलेल्या प्रत्येक वस्तूवर, किंमत कितीही कमी असो, कर लागतो, आणि वर सोडवून घ्यायचा शुल्क-व्याप. लेखकप्रती येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून मागवा. पोस्टमनची ओळख करून घ्या. गल्ल्यांना घरक्रमांक असतातच असं नाही.

पिरेअसहून सिरोस साडेतीन-चार तासांवर. अथेन्स विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका २०२२ पासून थेट पिरेअसच्या बंदरापर्यंत जाते, टॅक्सीची गरज नाही. मात्र वारा सहसा आठ बोफर्टला (हे वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की बंदर अधिकारी जहाजं थांबवतात. याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही आधी बातम्यांत ऐकाल. वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच बंद होते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे नवं नाही. फरक एवढाच की इथं जमिनीवरून दुसरा रस्ता नाही. पेण-वडखळमार्गे जाता येत नाही. भारतात परतायचं विमान असेल तर आदली पूर्ण रात्र अथेन्समध्ये काढा. मी एकदा काढली नव्हती. धाकट्या मामेबहिणीचं लग्न मी एर्मूपोलीच्या धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात, फोनवर, मंगलाष्टकांसकट पाहिलं. मालकानं अक्षता म्हणून तांदूळ आणून दिले.

अपागोरेफ्तिको लागला की दुसऱ्या दिवशी ताजं दूध आणि भाजी संपते. घरात तांदूळ, डाळ, मेणबत्त्या आणि लिहायला कागद असला की झालं.

शेवटी येण्याचा दिवस. पहिल्या खेपेला शक्यतो मंगळवार धरा. सकाळच्या बोटीनं निघालात तर साडेअकराच्या आत पोचता. किल्ली घ्या, कपाटात डोकं घालून वास घ्या, दुपारी झोपा. साडेपाचला दुकानं पुन्हा उघडतात, तेव्हा हीटर, अडॅप्टर आणि जाड पांघरूण घेता येतं. सोमवारी आलात तर पहिली रात्र स्वेटरवर काढायची.